वीस नंबरचा बिल्ला

वादळ येऊन गेलं त्याला पंधरा दिवस झाले होते, आणि एवढ्या दिवसांत आबांनी चावीला एक वाकडा शब्द बोलून दाखवला नव्हता. तिला तेच सोसत नव्हतं. माणूस ओरडला, ताट सरकवून उठला, तर निदान कळतं तरी की कुठे दुखतंय. आबा सकाळी उठायचे, चहा घ्यायचे, खुंटीवरचा हातोडा चाचपून काढायचे आणि पुलाकडे निघायचे. परत आले की हातोडा पुन्हा खुंटीला, आणि मग दिवसभर उंबऱ्याशी बसून अंगठ्याने पितळेचा एक बिल्ला चोळत राहायचे.

चावी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. आबा रेल्वेत चावीवाले होते. रूळ जागचा हलू नये म्हणून त्याच्या कडेला लोखंडी पाचर ठोकलेली असते, तिला चावी म्हणतात. गाडीच्या हादऱ्याने ती सैल होते. चावीवाल्याने रोज आपल्या हद्दीतून चालत जायचं, प्रत्येक चावीवर हातोडा मारून आवाज ऐकायचा आणि सैल लागली की घट्ट ठोकायची. जादा चाव्यांची पिशवी खांद्याला अडकवून ही पोर बापामागे फिरायची, म्हणून रुळावर काम करणाऱ्या गँगमधली माणसं तिला चावी म्हणायला लागली. आता पंचेचाळिशी आली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी गावाला ती चावीच.

आबांची हद्द नदीवरच्या जुन्या पुलाच्या मध्यापर्यंत. दगडी खांबांवर उभा असलेला नऊ गाळ्यांचा लोखंडी पूल. तोंडाशी दगडात कोरलेलं साल इतकं झिजलेलं की बोट फिरवून वाचावं लागायचं. चौथा गाळा संपतो तिथे रुळाच्या बाजूला एक छोटा लोखंडी सज्जा बाहेर काढलेला होता. अचानक गाडी आली तर चालणाऱ्याने त्यात उभं राहायचं. त्याला आसरा म्हणत. तिथून पुढची हद्द पलीकडच्या तीरावरच्या चावीवाल्याची. रोज सकाळी दोघांची गाठ त्या आसऱ्यात पडायची. आबांकडे एकोणीस नंबरचा बिल्ला, त्याच्याकडे वीसचा. दोघांनी बिल्ले बदलायचे, म्हणजे साहेबाला कळतं की दोघेही शेवटपर्यंत चालले. आज दिलेला उद्या परत घ्यायचा, परवा पुन्हा द्यायचा. नियम सोपा होता. जो आधी पोचेल त्याने थांबायचं, आणि बिल्ला बदलल्याशिवाय मागे फिरायचं नाही.

त्या माणसाला घरात सगळे 'पल्याडचा' म्हणायचे. चाळीस वर्षांत आबांनी त्याचं नाव विचारलं नव्हतं. चावीच्या आईने एकदा खोदून विचारलं तेव्हा आबा म्हणाले होते, "नावाचं काय करायचंय? हजेरी नंबरावर होते."

पुढे त्या मार्गावरून गाड्या जायच्या बंद झाल्या, तेही आबांमुळेच. एका सकाळी तिसऱ्या गाळ्याच्या तुळईवर हातोडा मारून ते म्हणाले, आत चीर आहे. साहेब यंत्र घेऊन आले, काही सापडलं नाही. म्हाताऱ्याला भास होतात म्हणाले. आबा हटले नाहीत. शेवटी रंग खरवडला तेव्हा केसाएवढी चीर निघाली. पूल बंद झाला, मार्ग दुसरीकडून गेला, आबांची नोकरी वेळेआधी संपली. स्वतःच्या पोटावर स्वतःच पाय आणणारा माणूस म्हणून गाव हसलं, पण तेव्हापासून आबांच्या कानाला मान आला. पाण्याच्या टाकीला गळती आहे का, मडकं पक्कं भाजलंय का, गाडीचा आस तडकलाय का, सगळं त्यांच्यापुढे आणून ठेवत. आबा टिचकी मारायचे आणि सांगायचे. खोटा आवाज त्यांनी कुणाला सांगितला नाही; सोयऱ्यालाही नाही, सावकारालाही नाही.

नोकरी गेली, फेरी राहिली. इकडून आबा, तिकडून पल्याडचा. गंजक्या रुळांवर दोन म्हातारे रोज बिल्ले बदलायला जात, आणि विचारणारा साहेब मरूनही दहा वर्षं झाली होती. चार वर्षांपूर्वी आबांची नजर गेली. उजेड-अंधार तेवढा कळायचा. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पल्याडच्याला मात्र त्यांनी कळू दिलं नव्हतं. नजर गेलेला चावीवाला म्हणजे नोकरीतून बाद, ही धास्ती नोकरी संपली तरी अंगातून गेली नव्हती. रुळांखालचे आडवे लाकडी स्लीपर पायांनी मोजत ते आसऱ्यापर्यंत जायचे आणि अचूक हात पुढे करायचे.

वादळाच्या सकाळी आभाळ पिवळं पडलं होतं. पत्रे थडथडत होते. आबांनी हातोडा काढला, तशी चावीने त्यांना आतल्या खोलीत कोट आणायला पाठवलं आणि बाहेरून कडी घातली. बस्, एवढंच केलं. बापावरच्या मायेने केलं. तासाभराने नदीकडून आवाज आला. आधी एक लांबलचक कण्हणं, मग दोन धक्के, आणि मग नुसता वारा. पाचवा आणि सहावा गाळा नदीत गेला होता. कडी काढून ती आत गेली तेव्हा आबा कोट घालून खाटेवर बसले होते. त्यांच्या मुठीत बिल्ला होता, वीस नंबरचा. आदल्या दिवशी घेतलेला, त्या दिवशी परत द्यायचा होता तो.

जो आधी पोचेल त्याने थांबायचं. हा नियम चावीला पाढ्यासारखा पाठ होता. म्हणजे पल्याडचा आला असेल. आला असेल आणि आबांची वाट बघत आसऱ्यात थांबला असेल. वारा वाढला तरी थांबला असेल, आणि शेवटी परत फिरला तेव्हा पाचवा गाळा पायाखालून गेला असेल.

तेव्हापासून तिच्या घशाखाली घास धड उतरला नव्हता.

*

उरलेला पूल धोक्याचा ठरला आणि उतरवायचं काम एका ठेकेदाराला मिळालं. चावीचा नवरा गावाच्या तिठ्यावर वेल्डिंगचं दुकान चालवायचा. फाटकं, नांगराचे फाळ, ट्रॉलीचे दांडे, जे येईल ते. त्याला गाव वेल्डर म्हणायचं. बोलायला महाग माणूस. दिवसभरात चार वाक्यं झाली तर जास्त. ठेकेदाराने लोखंड कापायला त्यालाच धरलं. वादळाने दुकानाचं छप्पर नेलं होतं, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. लोखंड वाहायला बायका हव्या होत्या, त्यांत चावी लागली.

पहिल्या दिवशी वेल्डर आबांसमोर जाऊन उभा राहिला. बराच वेळ पाय बदलत राहिला.

"पूल कापायला घेतोय," शेवटी म्हणाला.

"कापायलाच पाहिजे," आबा म्हणाले. "पडला तर खालून जाणारा मरेल." आणि मग, "तिसऱ्या गाळ्याला जपून. उजवी तुळई. तिच्यात चीर आहे."

वेल्डरने मान हलवली. आबांना ती दिसली नाही, पण खांद्याचं हाड वाजलं असावं, कारण तेही मान हलवून आत गेले.

काम सोपं नव्हतं. वरचे रूळ, पत्रे आणि कठडे आधी काढायचे, मग टोकाच्या चौथ्या गाळ्यापासून एकेक गाळा खाली सोडत काठाकडे यायचं. नऊला धुकं फाटलं की वेल्डर डोळ्यांना काळा चष्मा लावायचा आणि निळी ज्योत लोखंडाला टेकवायचा. लोखंड आधी लाल व्हायचं, मग पांढरं, मग नदीत थेंबथेंब पडायचं. बायका दोघी-दोघी मिळून तुकडे उचलायच्या आणि स्लीपरांवरून काठापर्यंत आणायच्या. खाली पाणी, वर ऊन, मध्ये पाऊलभर लाकूड. संध्याकाळी चावीचे तळहात गंजाने तांबडे झालेले असायचे, कितीही घासले तरी निघायचे नाहीत. खांद्याला दांड्याचा वळ पडला होता. त्या वळावर रात्री झोपताना हात गेला की तिला बरं वाटायचं. काहीतरी भोगतोय असं वाटायचं.

दुपारी तासभर सुट्टी असायची. बायका तिसऱ्या गाळ्यावर सावलीच्या पट्ट्यांत आडव्या व्हायच्या. पाठीखाली लाकूड ऊबदार असे, फटींतून नदीचा गार श्वास वर येई. चावीला डुलकी लागायची आणि रोज तेच दिसायचं. आसऱ्यात एक माणूस पाठमोरा उभा आहे, त्याने हात पुढे केला आहे, आणि ती बिल्ला द्यायला जाते तर तिच्या हातात घराची कडी असते. कडी द्यावी की न द्यावी, तिला कळत नाही. माणूस घाई करत नाही. तो थांबलेला असतो. मग कुणीतरी हलवायचं, आणि ती उठून पुन्हा दांडा खांद्यावर घ्यायची.

पुलाच्या तोंडाशी ठेकेदाराच्या मुकादमाने आडवे बांबू बांधले होते. आबांना त्यापुढे जायची बंदी होती. ते रोज साडेसहाला तिथवर जात आणि उरलेल्या रुळाच्या टोकावर तीन ठोके मारत. 'मी निघालो' असा त्याचा अर्थ. पल्याडच्याने दोन ठोक्यांनी उत्तर द्यायचं. आबा कान देऊन उभे राहत. धुक्यात नदी तेवढी ऐकू येई. मग ते परत फिरत. पुढे रूळ उचलले गेले, तेव्हा ते काठावरच्या खांबाच्या लोखंडी बैठकीवर ठोके मारू लागले.

एका सकाळी मुकादम लवकर आला होता. बायकांसमोर चावीला म्हणाला, "बाई, तुमच्या म्हाताऱ्याला सांगा, पूल आता पगारावर नाही." दोघी-तिघी हसल्या. चावीही हसली, कारण न हसून काय करणार. पण दिवसभर तिला ते हसू तोंडात कडू लागलं.

तिने शोधून पाहिलं नाही असं नाही. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर वरच्या मोठ्या पुलावरून वळसा घालून पलीकडे जायचा. रस्ता खचला होता तरी तो कसाबसा जात होता. चावीने त्याला अडवून विचारलं, "पलीकडे एक म्हातारे चावीवाले होते. ते आहेत का बघ ना."

"नाव काय?"

"वीस नंबर."

ड्रायव्हर तिच्याकडे बघतच राहिला. "चावीताई, पलीकडे सात गावं आहेत. मी दारोदार जाऊन वीस नंबर वीस नंबर ओरडत फिरू का?"

तरी त्याने दोन गावांत विचारलं. वादळात कोण गेलं म्हणून विचारलं, तर लोकांनी पाच-सहा नावं सांगितली. एक रेल्वेतला म्हातारा नदीत गेला असं कुणीतरी ऐकलं होतं. कुणी, कुठे, कुणाच्या तोंडून, काही पत्ता नाही. चावीने ते ऐकलं, दूध घेतलं आणि घरी आली. दूध उतू गेलं तरी ती चुलीसमोर नुसती उभी होती.

*

रविवारी संध्याकाळी जेवताना आबांनी विचारलं, "चौथा कधी?"

वेल्डरने घास गिळला. "उद्या."

"आसरा त्याच्यातच जाणार."

"हो."

आबांनी हात धुतला. खिशातून बिल्ला काढला आणि चावीच्या हाताचा अंदाज घेऊन तिच्या तळव्यावर ठेवला. चोळून चोळून पितळ आरशासारखं लख्ख झालं होतं.

"सकाळी तू जाऊन हा आसऱ्यात ठेवून ये," ते म्हणाले. "त्याची वस्तू त्याच्या जागी. गाळ्याबरोबर नदीत जाईल. तो असेल तिथे मिळेल त्याला."

चावीच्या हातात बिल्ला जड झाला. पंधरा दिवस अडकलेलं एकदम वर आलं.

"आबा, त्या दिवशी कडी मी घातली होती."

"मग दुसरं कोण घालणार? वाऱ्याने लागते का ती?"

"मी घातली नसती तर तुम्ही गेला असता, बिल्ला बदलला असता, तो लवकर घरी गेला असता. माझ्यामुळे तो थांबला. आणि तुम्ही मला काही बोलत नाही."

ती रडायला लागली. वेल्डर ताटात बघत राहिला. आबांनी कधी नव्हे ती मान खाली घातली.

"तू कडी घातलीस ते मला ऐकू आलं," ते म्हणाले. "कोयंडा सैल आहे तो. एक धक्का दिला असता तर निघाला असता. मी दिला नाही. वाऱ्याचा आवाज ऐकला आणि बरं वाटलं मला, पोरी. बरं झालं पोरीनं कोंडलं म्हणालो. मी कोट घालून खाटेवर बसलो आणि तो तिकडे थांबला. तुला कुठल्या तोंडानं बोलू?"

चावीने डोळे पुसले. म्हणजे पंधरा दिवस एका घरात दोघंजण एकाच दगडाखाली होती आणि एकमेकांना सांगत नव्हती.

"मी एकटी जाणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही चला. तुमच्या हातानं ठेवा."

"बांबू बांधलेत."

वेल्डर ताटातून मान वर करून म्हणाला, "बांबूचं मी बघतो."

*

सकाळी बांबूंची दोरी सुटलेली होती. कुणी सोडली ते विचारायची गरज नव्हती.

धुकं असं दाट होतं की स्वतःचा हात परका वाटावा. चावी पुढे, तिच्या खांद्यावर आबांचा एक हात, दुसऱ्या हातात हातोडा. रूळ नव्हते, कठडे नव्हते. मधोमध फळ्या टाकलेल्या होत्या. "डावा पाय. आता फट आहे, लांब टाका," असं ती सांगायला गेली, तर आबा म्हणाले, "तू गप्प चाल. पायांना ठाऊक आहे."

आणि खरंच, चौघड्याच्या ठेक्यावर पाऊल पडावं तसे ते चालत होते. पहिला गाळा, दुसरा गाळा. खाली नदी दिसत नव्हती, फक्त ती कुठेतरी फार खोल बोलत होती. चावीला वाटलं, आपण पुलावर नाहीच, आपण नुसते पांढऱ्यात चाललो आहोत आणि वय उलटं जातंय. खांद्यावर चाव्यांची पिशवी आहे, मागे बापाचा हातोडा वाजतोय, आता आई हाक मारेल. तिसऱ्या गाळ्यावर आबा थांबले. वाकून उजव्या तुळईला हाताने थोपटलं. जुन्या आजारी माणसाची चौकशी करावी तसं.

"गाडी येतेय का गं?" त्यांनी विचारलं.

"कुठली गाडी, आबा?"

"नाही, उगाच. पायाखाली वाटली."

चौथ्याच्या शेवटी आसरा त्याच्या कठड्यासकट होता तसाच होता. त्यापुढे लोखंडाची दोन वाकडी टोकं होती आणि मग काहीच नव्हतं. चावीने आबांना आसऱ्याच्या आत उभं केलं, त्यांचा हात कठड्यावर ठेवला आणि कोटाचं टोक स्वतःच्या मुठीत घट्ट धरलं.

आबांनी तीन ठोके मारले. पूल आतून घुमला. ते थांबले, मान कलती करून. उत्तर नव्हतं. पुन्हा तीन मारले. मग हातोडा खाली ठेवून हात पुढे केला.

"दे. ठेवतो."

चावीने बिल्ला द्यायला हात उचलला, तेवढ्यात नदीवरून वारा आला आणि समोरचं धुकं मधोमध फाटलं. दीडशे पावलांवर पलीकडचा सातवा गाळा दिसला, त्याचं तुटकं टोक दिसलं. आणि त्या टोकावर काहीतरी लाल हलत होतं.

आधी तिला वाटलं, वादळात अडकलेली चिंधी असेल. पण चिंधी इतकी शिस्तीत हलत नाही. डावीकडून उजवीकडे, थांबून, पुन्हा डावीकडून उजवीकडे.

"आबा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "पलीकडे कुणीतरी झेंडा दाखवतंय."

आबा हलले नाहीत. "कुठला?"

"लाल."

"कसा? अर्धा गुंडाळलेला की पूर्ण?"

"पूर्ण. आडवा. एक म्हातारा आहे. टोपी आहे. शेजारी एक बाई उभी आहे, तिनं त्याचा कोट धरलाय."

आबांनी मान पुढे काढली. "उंच आहे? डाव्या बाजूला कललेला?"

"हो."

"तोच." मग ते एकदम वैतागले. "मग हा ठोक्यांना उत्तर का देत नाही? पंधरा दिवस मी बडवतोय!"

चावीने दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली. म्हातारा झेंडाच हलवत राहिला. पण शेजारची बाई दचकली, पुढे झाली आणि तिनेही हात तोंडाशी नेले. तिचा आवाज पाण्यावरून उशिराने यायचा.

"तुम्ही एकोणीस नंबरच्या का?"

"हो! मुलगी! ते बरे आहेत का?"

"बरे आहेत! मी सून! त्यांना ऐकू येत नाही! तीन वर्षं झाली! ठोके रुळाला पाय लावून ओळखायचे! तुमच्या आबांना सांगू नका म्हणाले होते!"

आख्ख्या नदीला ऐकू जाईल अशा आवाजात ते गुपित इकडे आलं. आबांच्या पोटातून कुठूनतरी हसू आलं, आधी थोडं, मग इतकं की त्यांना कठडा धरावा लागला.

"बहिरा झाला लेकाचा," ते म्हणाले. "आणि मी म्हणतोय हल्ली हा बोलत का नाही."

चावीने पुन्हा हात तोंडाशी नेले. जे विचारायचं होतं ते विचारायला तिला भीती वाटत होती. "वादळाच्या दिवशी ते आले होते का?"

पलीकडून आवाज आला, जरा पडलेला. "नाही! मी त्यांना कोंडून ठेवलं होतं! कडी घातली होती! ते म्हणतात एकोणीस नंबर थांबला असेल आणि माझ्यामुळे गेला! पंधरा दिवस धड जेवले नाहीत!"

चावी मटकन खाली बसली. कोटाचं टोक मात्र तिने सोडलं नाही. दोन तीरांवर दोन बायकांनी एकाच सकाळी दोन कड्या घातल्या होत्या, आणि मधल्या आसऱ्यात त्या दिवशी वाऱ्याशिवाय कुणी नव्हतं. ती हसत होती की रडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मग रोज झेंडा कुणाला दाखवतात?" तिने ओरडून विचारलं.

"मीही तेच विचारते! म्हणतात, चुकून आलाच तर पुढे येऊन पडू नये!"

आबांनी ते ऐकलं. हसू मावळलं. चेहरा पलीकडे करून ते कितीतरी वेळ उभे राहिले, आणि बघणाऱ्याला वाटावं की या माणसाला सगळं दिसतंय.

"त्याला मी दिसतोय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"धुकं आहे अजून. बिल्ला वर करा, आबा. ऊन येतंय."

आबांनी बिल्ला डोक्यावर धरला. चावीने त्यांचं मनगट जरासं वळवलं. कोवळं ऊन पितळेवर पडलं आणि त्याचा कवडसा पाण्यावरून धावत पलीकडे गेला. लाल झेंडा थांबला. म्हातारा पुढे वाकला, सुनेने त्याला मागे ओढलं. मग त्याने घाईघाईने खिसा चाचपला, आणि पलीकडूनही एक बारीक पिवळा ठिपका लकाकला.

"आबा, त्यांनीही वर केला. तुमचा बिल्ला."

"एकोणीस?"

"नंबर कुठला दिसतोय इतक्या लांबून? पण पितळेचा आहे."

"एकोणीसच असणार," आबा म्हणाले. "दुसरा कुणाचा असेल?"

पलीकडे लाल झेंडा गुंडाळला गेला. दुसऱ्या काखेतून एक हिरवा निघाला. जुना, विटलेला, पण हिरवाच. तो दोनदा वर-खाली झाला. चावीने सांगितल्यावर आबांनी लगेच हातोडा उचलला, आणि हात अर्धवट हवेत थांबला. ठोके मारून उपयोग नव्हता.

"माझा हिरवा घरी पेटीत आहे," ते म्हणाले. "तळाशी. तुझ्या आईच्या शालीत गुंडाळलेला." ते एकदम लहान मुलासारखे अधीर झाले. "उद्या आणतो. उद्या मीही दाखवतो. नाहीतर त्याला वाटेल मला दिसला नाही. त्याला कळता कामा नये, कळलं का? तू तिला ओरडून सांगशील, तुझा काही भरवसा नाही."

"नाही सांगत."

पलीकडची सून हात हलवत होती. तिची कामाची वेळ झाली असणार. उद्या, उद्या, एवढंच ऐकू आलं. म्हातारा तिच्या आधाराने मागे फिरला. चालताना डाव्या बाजूला कलत होता. मग धुक्याचा एक लोट आला आणि दोघं त्यात गेली.

चावीला तेव्हा आठवलं की आज सोमवार आहे.

*

मागे फळ्या वाजल्या. मुकादम येत होता, आज लवकर, कारण गाळा सोडायचा होता. त्याच्यामागे वेल्डर. बायका काठाशी थांबल्या होत्या. गॅसची टाकी शनिवारीच इथे आणून ठेवलेली होती, नवी, भरलेली, अजून सील होतं तिला. वेल्डरने आधी चावीकडे पाहिलं, मग आबांकडे. त्याने काठावरून सगळं ऐकलं असणार. नदीवर आवाज लांब जातो.

"हे काय चाललंय?" मुकादम म्हणाला. "म्हाताऱ्याला टोकावर कुणी आणलं? व्हा बाजूला. दहापर्यंत हा खाली गेला पाहिजे."

आबांचा हात कठड्यावर होता. तो तिथून निघत नव्हता. मागणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. चावी पुढे झाली, "एक दिवस, मुकादम, फक्त उद्या सकाळपर्यंत," असं म्हणायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात वेल्डर टाकीपाशी उकिडवा बसला. टाकीच्या आड त्याचा हात काहीतरी खुडत होता. उठला आणि म्हणाला, "टाकी रिकामी आहे."

मुकादम थबकला. "शनिवारी तर आणली!"

"रिकामीच आली."

"सील?"

"नाही."

मुकादमाने वेल्डरच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. वेल्डर खोटं बोलायला नवखा होता, कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या होत्या. मुकादमाने टाकीला लाथ घातली, आणि त्याच्याच पायाला लागलं.

"नवी यायला उद्या उजाडेल," तो कुरकुरला. मग त्याला सुचलं. "थांबा. चावीवाले इथंच आहेत की. तुमच्या कानाचं फार ऐकलंय. वाजवा बघू. भरलीय की रिकामी?"

वेल्डर फळ्यांकडे बघत होता. चावीने आबांचा हात धरला आणि त्यांना टाकीपाशी आणलं. चाळीस वर्षं या माणसाने आवाजाला आवाज म्हटलं होतं. त्यापायी नोकरी घालवली होती.

आबा वाकले. टाकीच्या अंगावरून हात फिरवला. हातोडा उलटा धरून दांड्याने एकदा हलकंच ठोकलं.

रिकामी टाकी घंटेसारखी वाजते, आणि वाजत राहते. ही वाजली नाही. ठप्प असा आवाज आला आणि जागच्या जागी मेला. चावीला कळलं. तिच्या कानावर लहानपणापासून हेच संस्कार होते. आबा सरळ झाले. एकदा त्यांनी तोंड पलीकडच्या तीराकडे वळवलं, जिथे आता नुसतं धुकं होतं.

"रिकामी आहे," ते म्हणाले.

"नक्की?"

"पार रिकामी."

मुकादमाने एक सुस्कारा सोडला. चावीवाल्याच्या कानावर कोण वाद घालणार? तो शिव्या पुटपुटत, नवी टाकी सांगायला काठाकडे निघाला. त्याची पावलं फळ्यांवर लांब लांब होत गेली. वेल्डरने वाकून टाकी उचलली. भरलेली टाकी खांद्यावर घेताना कण्हू नये म्हणून दात आवळले, आणि रिकामी नेल्यासारखा ताठ चालू लागला.

आबांनी वीस नंबरचा बिल्ला खिशात ठेवला, खिशावरून हात फिरवला आणि चावीच्या खांद्यावर हात टाकला.

"चल," ते म्हणाले. "झेंड्याला इस्त्री करायला पाहिजे."